पोत्याचं तोंड मी बांधलं होतं

रहीम,

तुले खांदा देला तवा माह्या पाठीनं तुले तोललं. मी मुद्दाम तोललं नाही. जिंदगीभर पोते वाह्यलेल्या माणसाची पाठ आपोआप तोलते, तिले थांब म्हणता येत नाही. मशिदीपासून कब्रस्तानापर्यंत लोक खांदा बदलत होते, चार पावलं याचा, चार पावलं त्याचा. एक जण मले म्हणे, "काका, तुमी राहू द्या, तुमचं वय झालं." मी त्याच्याकडं पाह्यलंही नाही. खांदा देला, अन् मले समजलं का तुहं वजन माह्या पोत्याहून कमी भरून राह्यलं. तुह्या दुकानाच्या ओट्यावर उभं असते त्या वाळूच्या पोत्याहून कमी. चौघांत वाटलं म्हणून नाही म्हणत. चौघांचं मिळून धरलं तरी कमी. एवढाच उरला होता तू.

अडतीवर तुह्यासाठी सभा घेतली. हमाल होते, व्यापारी होते, सारे एकामागून एक उठले अन् म्हणाले, रहीमभाई मनमिळाऊ होते, रहीमभाईचं कोणाशी भांडण नव्हतं. मी खाली मान घालून बसलो होतो. लोकायले वाटलं किसन रडून राह्यला. मी रडत नव्हतो, मले राग आला होता. तुहं भांडण नव्हतं? मंग मी इतके वर्षं कोणाशी भांडलो? मले बोला म्हणाले. मी उठलो नाही. चौथी शिकलेला माणूस मी, सभेतलं बोलणं मले येत नाही. अन् मले जे बोलायचं ते तुह्याशी आहे, त्यायच्याशी कायले बोलू. म्हणून हे लिहून राह्यलो. तू मेला म्हणून मी तुह्यापुढं नरम येईन असं समजू नको.

अनसिंगच्या बाजारात मी हमाल अन् तू बारदानावाला. फाटक्या पोत्यायच्या ढिगात बसून तू दाभणानं शिवत राहे, अन् मी पाठीवर पोतं घेऊन तुह्या समोरून जायचो. तवा पोतं क्विंटलचं होतं. आता पन्नास किलोचे झाले, त्यायले मी पोतं म्हणत नाही, उशी म्हणतो. मिरचीचे हलके पोते आले का मी ते दुसऱ्या हमालायले देऊन टाको. मी तूर-सोयाबीन वाहणारा माणूस. तू हे पाहे, अन् तुह्या पोटात दुखे.

"किसन्या, रोज एकच वजन उचलून अंग झोपी जाते," तू म्हणे. "एक दिवस भारी घे, एक दिवस हलकं, एक दिवस मधलं. मंग अंग जागं राह्यते. माहा बाप तालमीत असंच कराले लावे."

तुहा बाप तालमीत मुदगलाची जोडी फिरवणारा उस्ताद, हे बाजारातल्या कुत्र्यालेही तू सांगून ठेवलं होतं. अन् तू स्वतः सुतळीसारखा बारीक.

"क्विंटल उचलणाऱ्यानं क्विंटलच उचलावं," मी म्हणो. "हलकं उचललं का अंगाले लाड होतेत."

"नवा बैल गाडीले जुपतेत तवा कसं करतेत बे? एक दिवस रिकामी गाडी, एक दिवस भरेल, मंग परत अर्धी."

"मी बैल आहे का?"

"बैल असता तर तुले समजलं असतं."

हे असं. चहा थंडा होये, पण आपलं भांडण नाही.

मंग माही हमाली सुटली. वर्षाच्या आत अंग उतरलं. ज्या दंडावर पोरं लोंबकळत ते दंड बाहीत हलाले लागले. एक दिवस नहाणीत बसलो अन् उठताच येईना. माह्या बायकोनं हात देला. तिचा हात धरून मी उठलो, रहीम. जिनं जिंदगीभर मले डोक्यावर वझं द्याले हाक मारली, तिनं मले उचललं. त्या दिवशीपासून मी घराबाहेर पडणं बंद केलं. कोणी हाक मारली तर झोपलो म्हणून सांगा, असं मी म्हणो.

तू हाक मारली नाही. सरळ आत आला. "जयभीम पैलवान. घरात अंडे उबवून राह्यला का?" मी भिंतीकडं तोंड केलं. तू खाटेवर बसला अन् गेलाच नाही. शेवटी तुह्यापासून सुटका म्हणून मी उठलो अन् तुह्यासोबत दुकानावर आलो.

ओट्यावर एक पोतं उभं होतं. दुहेरी बारदान्याचं, अर्ध्यापर्यंत भरेल. "नदीची कोरडी वाळू आहे," तू म्हणाला. "रोज सकाळी छातीपर्यंत उचल, खांद्यावर घे, त्या निंबापर्यंत जा, वापस ये, ठेव. मंग चहा."

मले माहीत होतं तुह्या मनात काय आहे. "एक सांगून ठेवतो. आज जेवढं आहे तेवढंच रोज राहीन. तुह्या बापाच्या तालमीचे चाळे माह्या पोत्याशी चालणार नाही."

"कबूल."

"तोंड मी बांधीन. तुहा भरोसा नाही."

"बांध बाप्पा."

मी हमालाची गाठ मारली. ती दुसऱ्याले सोडता येते, पण होती तशी परत बांधता येत नाही. टोपीत दाभण खोचून तू पाहत उभा होता. तवा हसला होता का तू? आता आठवून पाहतो तर हसला होता असं वाटते.

पहिल्या दिवशी ते पोतं छातीपर्यंत येता येता माह्या डोळ्यापुढं अंधारी आली. निंबापर्यंत गेलो नाही. तू चहा पुढं केला. हळूहळू निंब जवळ येत गेला. मंग तर मी निंबाले वळसा घालून बाजाराच्या फाटकापर्यंत जाऊ लागलो. चहाच्या टपरीवर बसलेले म्हणत, "काका, पोत्यात कापूस भरला का?" मी म्हणो, "ये, उचलून पाह्य." एक तगडा हमाल आला, कमरेपर्यंत आणलं अन् सोडून देलं. तू इतका हसला का तुले खोकला लागला. मी रोज सकाळी ती गाठ पाहून घेई. माही गाठ, जशीच्या तशी.

बसस्टँडकडं नवीन जिम निघाली तवा तू मले हात धरून नेलं. पोरं लोखंडाच्या दांड्याले चकत्या लावत होते, काढत होते. "पाह्य. आज वाढवतेत, उद्या उतरवतेत. पैसे देऊन शिकून राह्यले जे मी तुले फुकटात सांगतो."

"त्यायले काम नाही म्हणून चकत्या बदलतेत," मी म्हणलं. "बाजारातलं पोतं कोणासाठी हलकं होत नाही. मी इतके वर्षं एकच वजन उचलून राह्यलो. पाह्य माहे दंड."

तू माह्या दंडाकडं पाह्यलं अन् गप्प झाला. मले वाटलं मी जिंकलो.

आता ते सांगतो जे मी जित्तेपणी तुले सांगतलं नाही. हप्त्यात एखादा दिवस ते पोतं मले भारी जाये. लय भारी. पाठ म्हणे भारी आहे. मी पाठीले म्हणो, पोतं तेच आहे, गाठ माही आहे, मंग तूच खोटी बोलून राह्यली. अन् माही पाठ खोटी बोलाले लागली म्हंजे मी संपलो. दुसरं काय आहे माह्याजवळ? अशा दिवशी मी घरी जाऊन गुपचूप पडून राहो. बायकोले सांगत नव्हतो. नहाणीत जाताना भिंत धरो. तू ओट्यावरून विचारे, "कसं आहे आज?" मी म्हणो, "रोजच्यासारखं." मंग एक दिवस असा येई का पोतं रिकाम्या डब्यासारखं उठे, अन् मले वाटे मरण वापस गेलं. तवाही तू विचारे, "कसं आहे आज?" अन् मी म्हणो, "रोजच्यासारखं."

एका हिवाळ्यात भारी दिवस लागून लागून आले. मले वाटलं आता दिवस भरले. मी पुण्यातल्या पोराले फोन केला, एकदा येऊन भेटून जा म्हणलं. तो घाबरून कंपनीतून सुट्टी काढून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याले सोबत घेऊन ओट्यावर गेलो. म्हणलं बापाची हालत डोळ्यानं पाहू दे. अन् त्या दिवशी ते पोतं असं उठलं का मीच मागं झुकलो. पोरगा म्हणे, "बाबा, तुमी तर माह्याहून तगडे. मले कायले बोलावलं?" काय सांगू मी त्याले? तू ढिगात बसून शिवत होता. वर पाह्यलं नाही. तुहं दाभण चालूच होतं.

मंग तुहा दम वाढला. जिंदगीभर बारदान्याची धूळ खाल्ली, ती छातीत बसली. तुही खाट तुह्या सुनेनं, शबानानं, दुकानावरच्या खोलीत खिडकीपाशी लावली, जिथून ओटा दिसते. मी खाली पोतं उचलो अन् तू वरून पाहे. शेवटच्या दिवसांत तू मले आत बोलावलं. "किसन्या, तुह्या पोत्याचं एक सांगाचं आहे." मले वाटलं परत तालीम, परत बैल. तुह्या तोंडून शब्द निघत नव्हता अन् तुले भांडाचं होतं. मी म्हणलं, "बरा हो, मंग भांडू. मी कुठी जाऊन नाही राह्यलो." तू हात हलवला, राहू दे म्हणल्यासारखा. तुह्याजवळ बसलो. पाणी पाजलं. मंग तू झोपला.

तू गेल्यावरही मी सकाळी ओट्यावर जात राह्यलो. घरी बसून काय करू? अन् नवल असं का पोतं रोज एकसारखं लागाले लागलं. भारी दिवस नाही, हलका दिवस नाही. मले वाटलं तुह्या दुःखानं अंग सुन्न झालं, त्याले फरक समजेना झाला.

मंग एक दिवस शबाना चहा घेऊन बाहेर आली अन् पदराशी चाळा करत उभी राह्यली.

"चाचा, अब आप ही बता दो। आज निकालूँ या डालूँ?"

"काय?"

"रेत।"

मी तिच्याकडं पाहत राह्यलो. तिनं माहं तोंड पाह्यलं अन् तोंडावर हात ठेवला. "अल्ला. आपको मालूम नहीं था?"

ती दारामागून एक डबा घेऊन आली. डब्यात वाळू, वाळूत पत्र्याचं मापटं, अन् मेण लावलेल्या सुतळीचं तुहं दाभण. तिनं पोतं आडवं केलं अन् मले त्याचं बूड दाखवलं. तिथली शिवण इतक्या वेळा उसवून परत घातली होती का ताग विरून गेला होता. पण टाका असा बारीक का बोट फिरवलं तरी लागू नये. मी इतके वर्षं तोंड राखत बसलो अन् तू बुडातून शिरत राह्यला.

"शाम को अब्बा खुद करते थे," शबाना म्हणे. "सुबह देखते थे आप नीम तक कैसे चले। बोलते, आज घुटना खींच के चला, कल दो माप निकालते। या बोलते, आज सीना तान के आया है, कल दो डालते। बिस्तर पकड़ा तो मेरे को बताते, मैं करती। अब कोई बताने वाला नहीं, तो मैंने हाथ नहीं लगाया।"

"पहिल्यापासून?"

"पहले तो उसमें आधे से ज़्यादा सोयाबीन का कुटार था, चाचा। रेत थोड़ी सी, ऊपर-ऊपर दिखाने को। अब्बा बोले, पोता आधा भरा दिखना चाहिए, नहीं तो पहलवान हाथ नहीं लगाएगा। फिर कुटार निकलता गया, रेत आती गई। अब तो पूरी रेत है।"

कुटार. सोयाबीनचा भुसा. मी पहिल्या दिवशी भुसा उचलून अंधारी खाल्ली. तवा मले नहाणीतला गडवाही भारी जात होता, पाठीले काय समजणार.

मी चहा तसाच ठेवला अन् घरी निघून आलो. काही दिवस तिकडं फिरकलो नाही. मले तुहा इतका राग आला रहीम, का तू समोर असता तर तुले त्याच पोत्यात भरलं असतं. लबाडी केली याचा राग नाही, बाजारात जन्म गेला माहा. पण तू माही पाठ खोटी पाडली. ती खरी बोलत होती अन् मी तिले खोटी म्हणत राह्यलो. भारी दिवशी ती भारी म्हणे, तवा खरंच भारी होतं. मी मरणाच्या भेवानं भिंती धरल्या, पोराले पुण्याहून बोलावलं, अन् तू ओट्यावर बसून टाके घातले. हप्त्याले तू मले मारत होता अन् हप्त्याले जित्ता करत होता. एक शब्द सांगाले काय जात होतं?

पण सांगतलं असतं तर मी पोत्याले हात लावला नसता. हे तुले माहीत होतं. मलेही माहीत आहे. घरी पडल्या पडल्या मी हेच चघळत राह्यलो. नहाणीतून उठता येत नव्हतं तो माणूस तुहा जनाजा उचलाले आला, लोक राहू द्या म्हणत असताना उचलला, अन् पाय डगमगला नाही. तो माणूस कोणी केला? मी म्हणत होतो एकच वजन उचलून असा झालो. एकही दिवस एकच वजन नव्हतं.

तरी मी मानलं नाही. परत गेलो अन् शबानाले म्हणलं, "बूड पक्कं शिवून टाक. तुह्या अब्बानं सांगतलेलं शेवटचं माप आहे त्यात. तेवढंच राहू दे."

"अब्बा तो दो दिन भी एक जैसा नहीं रखते थे, चाचा।"

"तुहा अब्बा गेला. आता माहं चालीन."

तिनं शिवलं. मी उचलत राह्यलो, रोज तेवढंच, जसं मले पायजे होतं तसं. आधी गुडघा सुजला. बायको एरंडाचा पाला बांधे, मी दुकानाजवळ येऊन सोडून टाको. मंग खांदा धरला. मंग निंबाच्या अलीकडून वापस फिराले लागलो. आता पोतं भारी लागते तवा ते कोणी भारी केलेलं नाही हे मले माहीत आहे. पहिले भेव तरी खोटं होतं.

आज सकाळी पोतं गुडघ्याच्या वर आलं नाही. दोनदा जोर लावला. टपरीवरचे लोक दुसरीकडं पाहाले लागले. एकानंही कापूस भरला का म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी पोतं खाली ठेवलं. शबाना दारात उभी होती. तुह्या खिडकीत खाट उभी करून ठेवली आहे.

मी म्हणलं, "काढ."

"कितना, चाचा?"

तिथं मी अडलो. जिंदगीभर दुसऱ्याचे पोते पाठीवर तोलले, पण माहं माप मले सांगता येईना. कमी सांगू तर लाज वाटे, जास्त ठेवू तर गुडघा जाये. हे माप उचलणाऱ्याले कळत नाही रहीम. ते बाजूले बसून पाहणाऱ्याले कळते. तुले माह्या चालण्यावरून कळे. तू दाभण चालवत राहे अन् वर पाहत नसे, असं मले वाटे.

"दोन," मी म्हणलं. अंदाजानं म्हणलं.

तिनं बूड उसवलं, दोन मापटी काढली, परत टाका मारला. तुह्यासारखा बारीक नाही, पण पक्का आहे. मी उचललं. खांद्यावर घेतलं. निंबापर्यंत गेलो, वापस आलो, ओट्यावर ठेवलं. सवयीनं तुह्या खिडकीकडं पाह्यलं.

आज तू विचारलं असतं, कसं आहे, तर मी रोजच्यासारखं म्हणलं नसतं.